हरून परतणाऱ्यांचा इतिहास

इतिहास बहुधा जेत्यांच्या बाजूने लिहिला जातो, असे म्हणतात. खेळांच्या इतिहासाला तर हे विधान अक्षरशः लागू पडते. करंडकावर विजेत्याचे नाव कोरले जाते. उपविजेत्याला कोष्टकाच्या शेवटल्या रकान्यात जागा मिळते. परंतु त्या उपविजेत्या संघात ज्यांनी जीव गुंतवला, त्या पाठीराख्यांची नोंद कोठेच होत नाही. सामना संपला की ते उठतात, कपडे झटकतात आणि घरची वाट धरतात. प्रस्तुत लेखात आम्ही ह्या परतीच्या वाटेचा थोडा मागोवा घेऊ इच्छितो.

निमित्त आहे ते ९ मार्च २०२४ रोजी झालेल्या एका सामन्याचे. अरुणाचल प्रदेशातील युपिया येथे त्या दिवशी संतोष करंडक स्पर्धेचा अंतिम सामना गोवा आणि सेनादल ह्या संघांत झाला. उपांत्य सामन्यात गोव्याने मणिपूरला जादा वेळेत २-१ असे नमविले होते, त्यामुळे आशा उंचावल्या होत्या. प्रत्यक्षात ६७व्या मिनिटाला सेनादलाने एक गोल केला आणि त्या एकाच गोलाने निकाल लागला. पश्चिम किनाऱ्यावरचा एक छोटा प्रदेश देशाच्या ईशान्य टोकाला जाऊन ०-१ असा हरला. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही एका रकान्याची बातमी होती. परंतु ज्या वाड्यांतून ते खेळाडू आले होते, तेथे त्या संध्याकाळी ती बातमी एका रकान्याची खचितच नसेल.

हरलेल्या संघाची माणसे पराभव कसा स्वीकारतात, ह्यावरून तो संघ खरोखर कोणाचा आहे हे कळते, असे आम्हांला इतिहास चाळताना वाटू लागले. विजयाच्या मिरवणुकीत वाटसरूही सामील होतो. पराभवानंतर मात्र जे आपले असतात तेच उरतात. ह्या विधानाच्या पुष्ट्यर्थ काही उदाहरणे सुज्ञ वाचकांपुढे ठेवतो.

चेंडू गावात आला

गोव्यात फुटबॉल आणला तो एका धर्मगुरूने. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स हे ब्रिटिश धर्मगुरू प्रकृतिस्वास्थ्यासाठी गोव्यात आले आणि बार्देश तालुक्यातील शिवोली येथे राहिले. ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून त्यांनी मुलांना हा खेळ शिकविला. पुढे हडफडे येथील त्यांच्या शाळेतही तो रुजला. शाळेतून तो गावात उतरला. गोव्यातील गावांची घडण त्याला फार अनुकूल ठरली. भाताची कापणी झाली की शेते मोकळी होत आणि तीच मैदाने होत. चर्चसमोरचा मोकळा पटांगणवजा भाग तर होताच. खेळाला साहित्य काय लागते? एक चेंडू आणि चार दगड. त्यामुळे गरिबाच्या मुलालाही हा खेळ परवडला.

अशा रीतीने गोव्यात संघ म्हणजे गाव हे समीकरण तयार झाले. हेच समीकरण गोमंतकीयांनी मुंबईस आणले. धोबीतलाव, माझगाव ह्या भागांत गावोगावच्या गोमंतकीयांचे ‘कूड’ होते. बोटीवर नोकरी शोधणारा खलाशी, आचारी, वादक, शिंपी असा जो कोणी गावाहून येई, तो आपल्या गावच्या कुडात ट्रंक ठेवून राही. तेथे गावच्या आश्रयदात्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना म्हणण्याची शिस्त असे. गाव सोडल्यावरही गाव असे सोबत राही. मग गावच्या संघाबद्दलचा जिव्हाळाही सोबत राहिला, ह्यात नवल ते काय!

मुंबईत तेव्हा रोव्हर्स करंडकाचा दबदबा होता. १८९१ साली सुरू झालेल्या ह्या स्पर्धेवर कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींचेच वर्चस्व होते. १९२३ साली कोलकात्याचा मोहन बागान संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्री ह्या पलटणीकडून १-४ असा हरला. परक्या शहरात, राज्यकर्त्यांच्या संघाकडून झालेली ती हार होती. तथापि भारतीय संघ तेथवर जाऊ शकतो हे त्या हारीनेच दाखवून दिले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९३७ साली, बंगळूर मुस्लिम्स हा करंडक जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला.

आपल्या वसईकरांचे ह्या खेळाशी नाते जुळण्यास रेल्वेने हातभार लावला. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी धावली ती १८६७ सालच्या एप्रिल महिन्यात. पुढे नोकरीनिमित्त रोज मुंबईस जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली. चर्चगेटपासून कूपरेजचे मैदान पायी जाण्याच्या अंतरावर. कचेरी सुटल्यावर सामना पाहून मग विरार गाडी पकडणारी पिढी आपल्यात होती. डब्यात सामन्याची चर्चा चाले. आपला आवडता संघ हरला असला तर ती चर्चा भाईंदरच्या पुलापर्यंत पुरे.

गोव्याची हार, गोव्याची वाट

संतोष करंडक ही राज्यांची स्पर्धा. १९४१ साली ती सुरू झाली. पूर्व बंगालातील संतोष संस्थानचे महाराज मन्मथनाथ रायचौधरी ह्यांच्या स्मरणार्थ तिला हे नाव मिळाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर गोव्याचाही राज्यसंघ ह्या स्पर्धेत उतरू लागला. बंगाल, पंजाब, आंध्र, केरळ अशा मोठ्या प्रांतांच्या तुलनेत गोवा म्हणजे मुठीएवढा प्रदेश.

१९७८-७९ च्या हंगामात हा प्रदेश श्रीनगरात अंतिम सामना खेळला आणि बंगालकडून ०-१ असा हरला. दूरदर्शन तेव्हा घरोघरी नव्हते. बातमी आली ती रेडिओवरून आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून. जो सामना आपण डोळ्यांनी पाहिला नाही, त्याची हळहळ अधिक काळ टिकते, कारण ‘तो चेंडू थोडा डावीकडे गेला असता तर’ ही कल्पना मनात कितीही वेळा रंगविता येते.

१९८२-८३ च्या हंगामात पुन्हा तेच प्रतिस्पर्धी समोरासमोर आले, तेही बंगालच्या अंगणात, कोलकात्यात. ह्या वेळी गोल झालाच नाही आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. पुढल्याच हंगामात मद्रास येथे गोव्याने पंजाबला १-० असे हरवून करंडक एकट्याने जिंकला. ताळगावचे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर त्या संघाचे कर्णधार होते, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्याच्या जाळ्यात एकही चेंडू गेला नाही. श्रीनगरच्या त्या एका गोलाचे उत्तर असे चार-पाच वर्षांनी मिळाले. १९९० साली मडगावात, स्वतःच्या लोकांपुढे, गोव्याने केरळला २-० असे नमवून पुन्हा करंडक मिळविला.

परंतु खेळात चढ असतो तसा उतारही असतो. १९९८-९९ च्या हंगामात चेन्नईच्या अंतिम सामन्यात बंगालने गोव्याचा ५-० असा पराभव केला. पाच गोलांच्या हारीला ‘जर-तर’ची सोय नसते. कोणता चेंडू कोठे गेला असता तर सामना फिरला असता, असे म्हणायला जागाच उरत नाही. नेमक्या त्याच हंगामात गोव्याच्या साळगावकर संघाने राष्ट्रीय लीग जिंकली होती. एकाच हंगामात एवढा मान आणि एवढी मानहानी पदरी आली. गावोगावच्या स्पर्धा मात्र थांबल्या नाहीत. शेते कापली गेली, खांब रोवले गेले आणि मुले खेळू लागली. गोव्याच्या फुटबॉलचे बळ आमच्या मते येथे आहे. वरचा मजला हलला तरी पाया गावात असल्यामुळे घर पडत नाही.

ह्या संदर्भात एक सामना आपल्याला विशेष जवळचा आहे. २००५ साली कोची येथे संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात गोव्याने महाराष्ट्राला ३-१ असे हरविले. आपण वसईकर महाराष्ट्राचे. आपली भाषा मराठी, आपली शेतीवाडी येथली. आपण गोमंतकीय नव्हे. परंतु डिसोजा, फर्नांडिस, परेरा ही आडनावे दोन्हीकडची. तेव्हा त्या दिवशी हळहळावे की आनंद मानावा, असा गोड पेच ज्यांना पडला असेल त्यांना आम्ही दोष देणार नाही. एकाच्या घरची हार ही दुसऱ्या घरची जीत असते, आणि दोन्ही घरे आपली असू शकतात, हे ध्यानात ठेवले तर पुष्कळ भांडणे टळतील.

पुढे २०१६ साली गोव्यातील नामांकित संघांवर वेगळाच प्रसंग आला. देशातील फुटबॉलची नवी रचना त्यांना मान्य नव्हती. साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो ह्या तिन्ही संघांनी राष्ट्रीय पातळीवरील आय-लीगमधून माघार घेतली. पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळविणारा धेंपो संघ केवळ स्थानिक सामने खेळू लागला. २०२४-२५ च्या हंगामात तो पुन्हा आय-लीगमध्ये परतला. मधल्या वर्षांत जे प्रेक्षक त्याचे सामने पाहण्यास जात राहिले, ते नावलौकिकासाठी जात नव्हते हे उघड आहे.

कारखान्याचा संघ आणि वादाचा संघ

गावाच्या संघाशेजारी आपण मुंबईचे संघ ठेवून पाहू. टाटा, मफतलाल, महिंद्र, ऑर्के मिल, एअर इंडिया, रेल्वे अशी ही नावे. ह्या आस्थापनांनी खेळाडूंना नोकरी दिली, त्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे त्यांचे मोठे उपकार होत. परंतु संघ मालकाचा होता. महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला, आणि २०१० साली तो बंद करण्यात आला. एखादी वस्ती, एखादा पाडा ‘हा आमचा संघ’ म्हणून आडवा येईल, अशी त्याची रचनाच नव्हती. ज्याची हार कोणाच्या घरात शिरत नाही, त्याचा शेवटही कोणाच्या घरात शिरत नाही.

दुसरे टोक कोलकात्याचे. १८८९ साली स्थापन झालेला मोहन बागान आणि १९२० साली स्थापन झालेला ईस्ट बंगाल ह्यांचे वैर प्रसिद्ध आहे. ईस्ट बंगालच्या मागे पूर्वेकडून आलेली माणसे उभी राहिली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा त्या संघाच्या विजयात त्यांना आपल्या हरवलेल्या घराची भरपाई दिसू लागली. खेळाच्या पाठीवर जेव्हा एवढे ओझे लादले जाते, तेव्हा पराभव हा पराभव राहत नाही, तो अपमान होतो. १९७५ साली आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे हरविले. ते दुःख असह्य होऊन मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने आपली जीवनयात्रा संपविली. पाच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९८० रोजी, ईडन गार्डन्सवर ह्याच दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि सोळा जण मृत्यू पावले. सामना पाहण्यास गेलेले सोळा जण घरी परतलेच नाहीत.

कोलकात्याने त्या दिवसाचे पुढे काय केले, हेही सांगितले पाहिजे. १६ ऑगस्ट हा तेथे फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी रक्तदान शिबिर भरते. ज्या वैराने रक्त सांडले, त्याची आठवण रक्त देऊन ठेवायची, ही कल्पना आम्हांला फार मोलाची वाटते. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये एका तरुण महिला डॉक्टरवर झालेल्या अत्याचाराच्या निषेधार्थ ह्याच दोन संघांचे पाठीराखे, नियोजित सामना रद्द झालेला असतानाही, मैदानाबाहेर एकत्र उभे राहिले. वैर हाच त्यांच्यातील एकमेव संबंध नव्हता, असे त्या दिवशी दिसले.

चार गोलांची हार आणि आनंद

आता थोडे दूर, इंग्लंडात जाऊ. तेथील व्यावसायिक लीगच्या चार श्रेण्यांत मिळून ९२ संघ खेळतात. त्यांच्या खाली शेकडो छोटे संघ आहेत. त्यांना ‘लीगबाहेरचे’ म्हणतात. ह्या संघांतील पुष्कळसे खेळाडू आठवडाभर शाळेत शिकवितात, टपाल वाटतात, विजेची कामे करतात आणि शनिवारी मैदानात उतरतात. त्यांच्या मागे दोन-तीनशे पाठीराखे बसने दुसऱ्या गावी जातात, पावसात उभे राहतात आणि पुष्कळदा हरून परततात. शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे शिष्यही असेच खिन्न होऊन, घडलेल्या गोष्टींविषयी आपसांत बोलत चालले होते. हरलेल्या माणसाला वाटेत बोलावेसे वाटते, आणि ऐकणारा सोबती असला तर वाट सरते.

दक्षिण लंडनमधील विम्बल्डन हा असाच एक संघ. १८८९ साली स्थापन झालेला हा क्लब १९७७ पर्यंत लीगबाहेरच होता. पुढे तो झपाट्याने चढत गेला आणि १९८८ साली लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघाला १-० असे हरवून त्याने एफए चषक जिंकला. १९९१ साली त्याने स्वतःचे मैदान सोडले. २८ मे २००२ रोजी एका त्रिसदस्य आयोगाने दोन विरुद्ध एक मताने निर्णय दिला की मालकांनी हा संघ सुमारे ९० किलोमीटर दूर मिल्टन कीन्स येथे नेण्यास हरकत नाही. गावाचा संघच गावातून उचलून नेण्यात येणार होता!

पाठीराख्यांनी काय केले? त्यांनी स्वतःचा नवा संघ काढला. २९ जून रोजी विम्बल्डन कॉमन ह्या सार्वजनिक माळावर खेळाडूंची निवडचाचणी ठेवली. सुमारे २३० जण आले. १० जुलै रोजी ह्या नव्या संघाने पहिला मैत्रीपूर्ण सामना खेळला तो सटन युनायटेड ह्या शेजारच्या लीगबाहेरील संघाच्या मैदानावर. ४,६५७ प्रेक्षक लोटले. गर्दीमुळे सामना उशिरा सुरू करावा लागला. नवा संघ ०-४ असा हरला. शेवटची शिटी झाली आणि प्रेक्षक मैदानात धावले. हरलेल्या खेळाडूंना त्यांनी मिठ्या मारल्या. चार गोलांनी हरल्याचा असा सोहळा खेळाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल. त्याचे कारण सोपे आहे. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्यापाशी हरण्यासाठीही संघ नव्हता.

हा संघ नवव्या श्रेणीतून एकेक पायरी चढत राहिला. २१ मे २०११ रोजी मँचेस्टर येथे व्यावसायिक लीगमध्ये प्रवेश मिळवून देणारा निर्णायक सामना झाला. समोर ल्यूटन टाउन हा १८८५ साली स्थापन झालेला जुना संघ होता. १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टीच्या फैरीत विम्बल्डनने ४-३ अशी बाजी मारली. पाठीराख्यांनी उभारलेला संघ नऊ वर्षांत लीगमध्ये गेला.

परंतु ह्या लेखाचा विषय त्या रात्री मँचेस्टरहून दक्षिणेकडे परतणारे ल्यूटनचे लोक आहेत. जुन्या कारभाऱ्यांच्या आर्थिक गैरव्यवहारांबद्दल २००८-०९ च्या हंगामात ल्यूटनचे तब्बल ३० गुण कापण्यात आले होते. दोष कोणाचा, शिक्षा कोणाला! संघ लीगबाहेर फेकला गेला. दुसऱ्याच वर्षी परतीची संधी हुकली, दुसऱ्या प्रयत्नात मँचेस्टरला पेनल्टीवर हार झाली, आणि २०१२ साली वेम्बलीवर यॉर्क सिटीकडून १-२ अशी पुन्हा हार झाली. तीन वेळा दारापर्यंत जाऊन माघारी फिरणे, हे मनुष्याच्या धीराची कसोटी पाहणारे असते. तरी ल्यूटनचे लोक येत राहिले. २०१४ साली संघ लीगमध्ये परतला, आणि २७ मे २०२३ रोजी पेनल्टीवरच कोव्हेन्ट्रीला हरवून तो इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत गेला. तेथे तो एकच हंगाम टिकला. २०२४ साली तो खाली आला, २०२५ साली आणखी एक पायरी उतरला. ही कथा विजयाने संपत नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. पाठीराख्यांच्या निष्ठेला करंडकाचे व्याज मिळतेच असे नाही.

मैदान नसलेला संघ

आणखी एका संघाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. अर्जेंटिनातील बुएनोस आयरेस शहरात १९०८ साली लोरेन्सो मास्सा ह्या सालेशियन धर्मगुरूंनी रस्त्यावर चेंडू खेळणाऱ्या मुलांना चर्चचे आवार खुले केले. अट एकच, रविवारी मिस्साला यायचे. त्यातून सान लोरेन्सो हा क्लब उभा राहिला. पोप फ्रान्सिस बालपणापासून २१ एप्रिल २०२५ रोजी देह ठेवीपर्यंत ह्याच क्लबचे पाठीराखे होते. कर्जापायी १९७९ साली क्लबने आपले मैदान गमावले आणि त्या जागी पुढे मोठे दुकान उभे राहिले. १५ ऑगस्ट १९८१ रोजी हा संघ एका पेनल्टीवर ०-१ असा हरला आणि खालच्या श्रेणीत घसरला. स्वतःचे मैदान नसल्यामुळे पुढल्या वर्षी तो दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळला. त्या वर्षी त्याच्या सामन्यांना जी गर्दी झाली, ती वरच्या श्रेणीतील संघांनाही लाभत नव्हती. एकाच वर्षात संघ वर आला. मैदानाच्या जागेसाठी मात्र पाठीराख्यांना तीस वर्षे झगडावे लागले, तेव्हा कोठे २०१२ साली शहराच्या विधिमंडळाने ती जागा क्लबला परत मिळावी असा कायदा केला.

आपले मैदान, आपला संघ

आता ह्या सर्वांतून आपण वसईकरांनी काय घ्यावे? आपल्याकडेही धर्मग्रामांचे, आळ्यांचे, वाड्यांचे संघ आहेत. मे महिन्यात आणि सणावारी सामने होतात. एका गावचा संघ दुसऱ्या गावी जातो. हरला की दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली, सारे खापर पंचांवर फुटते. दुसरी, ज्या मुलाची पेनल्टी हुकली त्याचे नाव वर्षभर चघळले जाते. कधीकधी शब्दाने शब्द वाढतो आणि दोन गावांत अबोला धरला जातो. कोलकात्याचा १९८० सालचा दिवस काही आकाशातून पडला नव्हता. त्याची सुरुवात अशाच शब्दांनी झाली होती.

परंतु आम्हांला त्याहून अधिक काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. परदेशातील एखादा बडा संघ दूरदर्शनवर हरला तर रात्री न जेवणारी मुले आज आपल्या घरांत आहेत. त्याच दिवशी आपल्या गावचा संघ तीन किलोमीटरवर खेळून हरला, हे त्यांना ठाऊकही नसते. त्या परदेशी संघावर प्रेम करू नये असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या संघाला ह्या मुलाचे नाव कधीही कळणार नाही. गावच्या संघातील गोलरक्षकाला ते कळते. तो ह्याच्याच शाळेत शिकलेला असतो.

आणि मैदाने? २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. ज्या शेतात कापणीनंतर खांब रोवले जात, त्यांपैकी कितीतरी शेतांवर आज इमारती आहेत. ज्याला खेळण्यास जागा उरत नाही, तो संघ न हरताच संपतो. सान लोरेन्सोच्या लोकांना एक मैदान परत मिळविण्यास तीस वर्षे लागली. आपल्यापाशी जी थोडी मैदाने शिल्लक आहेत, ती राखण्यास त्याहून कमी कष्ट पडतील, पण ते आजच घेतले पाहिजेत.

वाचकांना आमची विनंती साधी आहे. गावचा संघ बाहेरगावी खेळायला निघाला तर एखाद्या रविवारी दुपारी त्याच्याबरोबर जावे. संघ हरू लागला म्हणून अर्ध्यावर उठू नये. शेवटी जिंकणाऱ्यांसाठीही टाळ्या वाजवाव्यात. ज्या मुलाची पेनल्टी हुकली असेल, त्याला त्या रात्री कोणीतरी आपल्या घरी जेवायला बोलवावे.

आणि आणखी एक. आपल्या धर्मग्रामांच्या वह्यांत बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू ह्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या आधारे आपण आपल्या घराण्यांचा इतिहास सांगू शकतो. गावच्या संघाची अशी वही मात्र आपल्यापाशी नाही. कोण खेळले, कोठे गेले, किती गोलांनी हरले, कोण बरोबर होते, हे सारे वृद्धांच्या आठवणीत आहे आणि त्यांच्याबरोबरच जात आहे. प्रत्येक गावातील एखाद्या तरुणाने ह्या पावसाळ्यात एक शंभर पानी वही घ्यावी आणि जुन्या खेळाडूंच्या ओटीवर जाऊन बसावे. जिंकलेले सामने ते आपण होऊन सांगतील. हरलेल्या सामन्यांविषयी मात्र त्याने आवर्जून विचारावे, आणि ते आधी लिहून घ्यावेत.